एका गोधडीचे वीस हजार टाके

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी गोधडी सापडतेच. कुणी ती गादीवर अंथरून वरून चादर घालतो, कुणी ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेवतो, कारण रूममेट हसतात. जानेवारीत मात्र हेच रूममेट "एक रात्र दे ना यार" म्हणत येतात! ही गोधडी शिवणारी बाई कोण असते, तिला त्यातून काय मिळतं, आणि ती वस्तू म्हणून नेमकी कशी काम करते, याबद्दल थोडं लिहावं म्हटलं.

मी बीडकडचा. आमच्याकडे नारायणगड म्हटलं की लोक 'धाकटी पंढरी' म्हणून हात जोडतात. आषाढीला गडाची दिंडी पंढरपूरला जाते, आणि वारकऱ्यांच्या वळकटीत गोधडी असतेच. पण गडाच्या आजूबाजूच्या गावांत गोधडीचं खरं काम दिवाळीच्या आसपास सुरू होतं. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी (तिला 'कोयता' असाच शब्द आहे) पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जाते. राहायला उसाच्या पाचटाची कोपी. खाली ओलसर जमीन, चारी बाजूंनी वारं. कोयता, भांडी, पीठ आणि गोधड्या एवढाच संसार गाडीत चढतो. आपण गोधडीला 'आजीची माया' वगैरे म्हणतो ते ठीक, पण त्या माणसांसाठी ती पाण्याच्या हंड्याइतकीच गरजेची वस्तू आहे.

घरची गोधडी घरची बाई शिवते. पण ज्यांना वेळ नाही किंवा हात नाही, ते गावातल्या एखाद्या जाणत्या बाईकडे कपडे नेऊन टाकतात. ही बाई बहुधा वयस्क असते. पूर्वी स्वतः उसाला गेलेली, आता कंबर धरली म्हणून गावात मागे राहिलेली. सोबत नातवंडं. त्यांची शाळा, भाकरी, शेरडं बघायची आणि उरलेल्या वेळात टाके घालायचे. आमच्या गल्लीतल्या अशाच एका मावशीला मी विचारलं, "मावशी, दिवसाला किती होतं?" ती म्हणाली, "लेकरा, मला बसू देतंय कोण? बसले की कुणीतरी हाक मारतंय."

आता काम कसं चालतं ते बघा. आधी जुने कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, शिवणी उसवून सपाट करायचे. सारवलेल्या अंगणात एक लुगडं पसरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर धोतराचे, परकराचे, सदऱ्यांचे तुकडे असे लावायचे की कुठे टेंगूळ नको आणि कुठे खड्डाही नको. हे लावणं मला सगळ्यात अवघड वाटतं. मापाची पट्टी नसते, तळहात फिरवून जाडी कळते. वरून दुसरा थर, मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं, आणि त्यानंतर खरा धावदोरा. बहुतेक जणी कडेपासून सुरू करून आत आत येतात. डावा हात सुरकुती पुढे सारत राहतो, उजवा सुई चालवतो.

नऊवारी लुगडं हा या सगळ्याचा पाया होता. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, पन्हा पावणेचार-चार फूट. सहा फुटांची गोधडी धरली तर एका लुगड्याचे चार थर निघतात आणि वर कडेच्या पट्टीला कापड उरतं. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सुती कापड, सुई लोण्यात गेल्यासारखी जाते.

इंजिनिअरिंगवाले आहोत, तर थोडा हिशोब करू. गोधडी सहा फूट बाय चार फूट, म्हणजे ७२ बाय ४८ इंच. टाक्यांच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर. ओळी सरळ घाला नाहीतर चौकोनात गोल फिरवा, दोऱ्याच्या वाटेची एकूण लांबी साधारण क्षेत्रफळ भागिले अंतर एवढीच येते: ६,९१२ इंच, म्हणजे सुमारे १७५ मीटर. इंचाला तीन टाके धरले तर २०,७३६ टाके! एका टाक्याला दोनच सेकंद दिले तरी नुसती सुई साडेअकरा तास चालते. त्यात कपडे उसवणं, थर लावणं, दोरा ओवणं धरलेलंच नाही. घरकाम सांभाळून चार दिवसांच्या आत ही गोधडी उतरत नाही.

एवढे टाके कशाला? ऊब कापडाची नसतेच, ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. हीट ट्रान्सफरच्या टेबलमध्ये बघा, स्थिर हवेची थर्मल कंडक्टिव्हिटी साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन आहे, पाण्याची ०.६ च्या आसपास. हवा हलली की फायदा गेला, म्हणून ती बारीक बारीक कप्प्यांत कोंडायची. टाके विरळ घातले तर आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात आणि मध्ये नुसती दोन कापडं उरतात. फार दाट घातले तर थर दाबले जाऊन हवाच निघून जाते. अर्धा इंच हे अंतर बायकांनी कुठल्या टेबलमधून काढलेलं नाही, पण डिझाइन म्हणून ते उत्तम आहे. आणि भिजलेली गोधडी ऊब का देत नाही, हेही त्याच दोन आकड्यांत आहे. कोपीत अवकाळी पाऊस शिरला की माणसं गोधडी आधी उचलतात ती उगाच नाही.

आता पैशाचं. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. चार दिवसांचे ११८८ होतात, दोरा वेगळा. याच्या निम्मी शिलाई सांगितली तरी आमच्याकडे गिऱ्हाईक घासाघीस करतं. "कपडे तर आमचेच आहेत, तुझं काय जातंय?" तिचे डोळे जातात, मान जाते, ते हिशोबात येत नाही. तिकडे बाजारात झुळझुळीत मिंक ब्लँकेट कमी पैशात मिळतं आणि लग्नात आहेर म्हणून शोभतं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं खेडं आहे. गुलामांच्या वंशजांची वस्ती. तिथल्या बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, कारण घरात थंडी शिरायची. २००२ साली त्या गोधड्यांचं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कला प्रदर्शन भरलं, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ साली त्यातल्याच काही बायकांना आपल्या कामाच्या पैशासाठी कोर्टात जावं लागलं. म्हणजे गोधडी भिंतीवर टांगली गेली तरी शिवणारीच्या हातात काय पडतं, हा प्रश्न तिथेही सुटलेला नव्हता. आपल्याकडेही शहरांत गोधडीला चांगला भाव येतोय, ऑनलाइनसुद्धा विकतात. त्यातलं गावातल्या मावशीपर्यंत किती पोचतं, हे विचारून मगच विकत घ्यावी असं माझं मत आहे.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे: कच्चा माल संपत चाललाय. लुगडं नेसणारी पिढी थकली. आताच्या साड्या पॉलिस्टरच्या. त्या घाम शोषत नाहीत, थरावर थर सरकतो, सुरकुती हातात राहत नाही, आणि चुलीची ठिणगी पडली की कापड वितळून अंगाला चिकटतं. पाचटाच्या कोपीत हा धोका थट्टेचा नाही. मावशी म्हणते, "ह्या साड्या दिसायला लई भारी, पण सुईला दाद देत न्हाईत."

तेव्हा सुट्टीत घरी गेलात आणि गोधडी शिवून घ्यायची असेल, तर आजीची सुती लुगडी, वडिलांची धोतरं, आपल्या जुन्या सुती चादरी द्या. जीन्स देऊ नका, सुया मोडतात. चिंध्या स्वतः धुऊन, बटणं-चेन काढून न्या, मावशीचा एक दिवस वाचतो. पावसाळ्यात देऊ नका, कपडे वाळत नाहीत. शक्यतो उन्हाळ्यात द्या, दसरा-दिवाळीला तिच्याकडे कारखान्यावर जाणाऱ्यांची रांग असते. आणि शिलाई नगावर न ठरवता दिवसावर ठरवा.