लेव्हल तर बनवली, आता खेळणार कोण?

दिवसभर ऑफिस आणि रात्री जागून गेमची लेव्हल! असा छंद असलेले तुमच्या टीममध्येही एक-दोघं नक्की सापडतील. पण लाखोंच्या गर्दीत आपली लेव्हल कुणाच्या नजरेत भरावी, यासाठी काय करायचं? त्याचे हे काही फंडे.

कॉलेजचं लेक्चर बुडवून सायबर कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक' खेळलेल्यांना 'डस्ट टू' म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. सोसायटीचा जिना लाइट गेल्यावरही चढता येतो ना, तितका तो नकाशा पाठ! पण हे वाळूच्या रंगाचं गाव बनवलं कुणी, असं विचारा. सगळे गप्प. उत्तर आहे, डेव्ह जॉन्स्टन. हा काही कुठल्या गेम कंपनीतला पगारी माणूस नव्हता. १९९९ मध्ये विशीही न गाठलेल्या या ब्रिटिश पोराने 'डस्ट' बनवला आणि २००१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ 'डस्ट टू'. तेव्हापासून अख्खं जग त्याच्या गल्लीबोळांतून धावतंय.

ही गोष्ट ऐकली की लेव्हल बनवणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत चमक येते. मीही त्यातलाच. दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग, रात्री जेवण उरकलं की 'सुपर मारिओ मेकर टू'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या गेममध्ये विटा, पाइप, कासवं, खड्डे असं सगळं सामान तुमच्या हातात देतात. त्यातून तुम्ही स्वतःची लेव्हल रचायची, अपलोड करायची आणि जगातल्या कुणीही ती खेळायची. लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये कॅसेट फुंकून जो मारिओ आपण खेळलो, तोच. फक्त आता खड्डे खणणारे आपण!

मजा खूप आहे हो. पण खरी धाकधूक अपलोडचं बटण दाबल्यानंतर सुरू होते.

गर्दीचं गणित

पहिला 'सुपर मारिओ मेकर' सप्टेंबर २०१५ मध्ये आला. पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून जास्त लेव्हल अपलोड झाल्या आणि त्या साडेसात कोटींहून अधिक वेळा खेळल्या गेल्या, असं निन्टेन्डोने तेव्हा जाहीर केलं. म्हणजे सरासरी एका लेव्हलच्या वाट्याला ७५ खेळ. वाईट नाही, असं वाटतं ना? पण ऑफिसातल्या पगाराची सरासरी काढताना एमडीचा पगारही त्यात धरला तर जे होईल, तेच इथेही होतं. थोड्यांच्या घरी जत्रा, बाकीच्यांच्या दारी शुकशुकाट.

माझ्या रूममेटचंच बघा. गडी दीड महिना एका लेव्हलवर राबला. दिवाळीच्या सुट्टीत गावी जायचा तर लॅपटॉपऐवजी गेमचं मशीन घेऊन गेला. अपलोड केल्यावर पंधरा दिवसांत खेळणारे किती? चार. त्यातला एक मी. त्यानंतर त्याने लेव्हल बनवणंच सोडून दिलं. लेव्हल झकास होती, हे मी आजही कुणालाही सांगेन. एखादा माणूस चांगलं काम करता करता केवळ 'कुणी बघतच नाही' म्हणून थांबतो, हे मला फार लागतं. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली दहा सेकंदं

नवीन लेव्हल खेळणारा माणूस रिमोट हातात घेऊन बसलेल्या आपल्या बाबांसारखा असतो. दहा सेकंदांत काही आवडलं नाही की पुढचं चॅनल! मारिओ मेकरमध्येही नकोशी लेव्हल सोडून पुढे जायची सोय आहे आणि लोक ती बिनदिक्कत वापरतात. तुमची करामत शेवटच्या वळणावर लपवून ठेवलीत, तर तिथवर पोचणार कोण?

याचा बाप धडा १९८५ च्या मूळ मारिओच्या पहिल्याच लेव्हलमध्ये आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या जोडीने ती रचली. मारिओ पडद्याच्या डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचं हे न सांगता कळलं. मग चमकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा आणि समोरून चालत येणारा पहिला शत्रू. उडी मारावीच लागते. ठोकळ्यातून निघालेलं मशरूम पुढच्या पाइपवर आपटून परत तुमच्याकडेच येतं, म्हणजे ते टाळायचं नसून घ्यायचं असतं हेही समजतं. एक अक्षर न लिहिता अख्खा गेम शिकवून झाला!

तेव्हा तुमच्या लेव्हलची कल्पना सुरुवातीलाच दाखवा. सोपी करून, पण दाखवा. उसळणाऱ्या पाण्यावरून उड्या मारायच्या असतील, तर पहिलं पाणी पहिल्याच पडद्यावर हवं. खेळणाऱ्याने 'अरे, हे काय वेगळंच!' म्हटलं की अर्धी लढाई जिंकलीच.

कठीण म्हणजे भारी नव्हे

मारिओ मेकरमध्ये एक छान नियम आहे. आपली लेव्हल आपण स्वतः पूर्ण करून दाखवल्याशिवाय ती अपलोडच होत नाही. मोबाइलवरच्या 'जॉमेट्री डॅश'मध्येही तसंच. पण या नियमाचा उलटा अर्थ काढणारे बरेच. 'मी केली ना, मग लोकही करतील!' अहो, तुम्ही ती तीनशे वेळा खेळलाय. कुठला काटा कधी खाली येतो हे तुम्हाला झोपेतही ठाऊक आहे. समोरचा पहिल्यांदा येतोय, तोही दिवसभराच्या मीटिंगा झेलून.

कठीण लेव्हलचे चाहते आहेत, नाही असं नाही. पण त्यांनाही चिडचिड नको असते. आपण कुठे चुकलो हे मेल्यावर कळलं, तर माणूस पुन्हा प्रयत्न करतो. न दिसणाऱ्या ठोकळ्याने डोक्यात घातलं, तर तो तुम्हाला दोन शिव्या हासडून निघून जातो. पहिल्या 'मारिओ मेकर'मध्ये तर खेळणारे नेमके कुठे मेले, ते लेव्हलवर खुणांनी दिसायचं. एकाच खड्ड्यापाशी खुणांचा खच पडला, की समजायचं, डागडुजी तिथेच हवी.

वहिनीची परीक्षा

टेस्टिंगच्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली. ज्याने बनवलं त्याला त्यातलं काही दिसत नाही. म्हणून माझी प्रत्येक नवी लेव्हल आधी वहिनीच्या हातात जाते. ती बँकेत नोकरी करते आणि गेमच्या वाटेलाही जात नाही. नियम एकच. मी शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. 'इकडे नको, वर जा' असं ओठांवर येतं, पण गप्प! कारण जपानमधल्या खेळाडूशेजारी मी बसलेला नसणार.

ती कुठे थांबते, कुठे मागे वळते, कुठे हसते, एवढंच मी टिपून ठेवतो. एकदा तर सगळी कसरत सोडून ती एका कोपऱ्यातल्या ढगाकडेच बघत बसली. 'भावोजी, यावर चढता येतं का हो?' येत नव्हतं. मग त्यावर चढता येईल अशी सोय केली आणि वर नाणी ठेवली. आता त्या लेव्हलवर येणाऱ्या कॉमेंटमध्ये सगळ्यात जास्त चर्चा त्या ढगाचीच असते!

नाव असं की जिभेवर राहील

'लेव्हल वन', 'माय फर्स्ट लेव्हल', 'टेस्ट टू फायनल'... या नावांवर कोण थांबेल? दुकानाची पाटी कोरी ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघण्यातला प्रकार. आत काय मिळणार, हे नावातून कळू द्या. 'मारिओ मेकर टू'मध्ये नावासोबत छोटं वर्णन आणि दोन टॅग देता येतात. तेही रिकामे सोडू नका. टॅग मात्र खरा हवा. कोडं सोडवायला आलेल्याला तुम्ही शर्यतीत पळवलंत, तर तो नापसंतीचं बटण दाबणारच.

आणि नाव फक्त लेव्हललाच नको, आतल्या जागांनाही देता आलं पाहिजे. 'डस्ट टू' इतका का टिकला, याचं माझं उत्तर हेच. लाँग, मिड, बी टनेल. कॅफेत नवा आलेला पोरगाही दुसऱ्या दिवशी 'मिडला आहे, मिडला!' असं ओरडायला लागायचा. ज्या जागेबद्दल मित्राला सांगता येतं, ती जागा लक्षात राहते. आणि तोंडी प्रसिद्धीइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही.

आधी दुसऱ्याची खेळा

हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा फंडा. दिसेल त्या ग्रुपवर आपल्या लेव्हलचा कोड टाकून पळून जाणारे खूप असतात. तो कोड कुणी उघडत नाही. लग्नाच्या पंगतीत फक्त आपल्या पानात वाढून घेणाऱ्याला कोण विचारतं?

त्यापेक्षा रोज दोन अनोळखी लेव्हल शेवटपर्यंत खेळा. आवडलेल्या जागी कॉमेंट टाका. 'मस्त' एवढंच नको, नेमकं काय आवडलं ते लिहा. बनवणारा तुमच्या प्रोफाइलवर येतोच, कारण त्यालाही तुमच्याइतकीच भूक आहे. स्ट्रीमरना लेव्हल पाठवायची असेल, तर आधी ते कुठल्या प्रकारच्या लेव्हल खेळतात हे बघा. स्पर्धा असेल तर विषय आणि मुदत पाळा. आणि दर आठवड्याला दहा लेव्हल टाकण्यापेक्षा महिन्याला एक धड टाका.

छंदाचं करिअर होतं का?

होतं, पण क्वचित. १९९३ च्या 'डूम'साठी हौशी लोकांनी ढिगाने लेव्हल बनवल्या. त्यातल्या 'टीमटीएनटी' नावाच्या गटाने एक अख्खा संच तयार केला आणि तो फुकट वाटायच्या बेतात असतानाच मूळ कंपनीने, म्हणजे आयडी सॉफ्टवेअरने, तो विकत घेतला. १९९६ च्या 'फायनल डूम'मध्ये तो आला. त्याच पॅकमधला दुसरा संच दारिओ आणि मायलो कसाली या भावांचा. दारिओ पुढे व्हॉल्व्ह कंपनीत 'हाफ-लाइफ'वर काम करायला लागला. ज्यांना गेम इंडस्ट्रीत जायचंय, त्यांच्यासाठी खेळता येणारी एक चांगली लेव्हल ही चार पानी बायोडेटापेक्षा वरचढ ठरू शकते. पण म्हणून उद्या राजीनामा टाकू नका, बॉस!

आणि ती शेवटची लेव्हल

आता थोडं मनातलं. पहिल्या 'मारिओ मेकर'ची ऑनलाइन सेवा ८ एप्रिल २०२४ रोजी कायमची बंद झाली. त्याआधी काही वर्षं 'टीम झीरो पर्सेंट' नावाचा एक गट अफाट उद्योग करत होता. जगात कुणीच पूर्ण न केलेली प्रत्येक लेव्हल शोधायची आणि पूर्ण करायची! त्यातल्या बऱ्याच लेव्हल काही महाकठीण नव्हत्या. त्यांच्या वाट्याला खेळणारेच आले नव्हते, इतकंच. कुणीतरी कुठल्यातरी रात्री जागून बनवलेली, अपलोड केलेली आणि मग विसरली गेलेली लेव्हल. वर्षांनंतर एक अनोळखी माणूस येतो, खेळतो, झेंड्यापर्यंत पोचतो.

शेवटी उरली 'ट्रिमिंग द हर्ब्ज'. जेमतेम काही सेकंदांची, पण राक्षसी. मार्च २०२४ मध्ये तिच्या निर्मात्यानेच सांगितलं की, ती हाताने खेळून नाही, तर यंत्राच्या मदतीने अपलोड केली होती. म्हणजे यादीतून बाद. तरी पठ्ठे थांबले नाहीत. सर्व्हर बंद व्हायला तीन दिवस उरले असताना, ५ एप्रिलला, एका खेळाडूने ती चक्क हाताने पूर्ण केली.

मी ही बातमी रूममेटला पाठवली. त्याचं उत्तर आलं, 'माझी पण कुणी खेळेल का रे?' खेळेल की! पण तोवर वाट बघत बसू नका. आकड्यांकडे रोज बघण्यापेक्षा आज रात्री एखाद्या चार खेळवाल्या लेव्हलमध्ये शिरा आणि पाचवे व्हा. कुणीतरी कुठेतरी त्या पाचव्याची वाट बघतंय.