दोन तारखांच्या मधला महिना

सोनिवलीहून रिक्षाने बदलापूर स्टेशन, तिथून लोकलने सीएसएमटी, आणि स्टेशनपासून जवळच सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. दातांना तार लावलेल्या एखाद्या दहावीतल्या मुलीसाठी ही महिन्याची ठरलेली वारी असते. खुर्चीतलं काम थोडक्यात आटोपतं: रबर काढायचे, तार बदलायची किंवा आवळायची, पुढची तारीख घ्यायची. त्यासाठी शाळा बुडते, आईची रजा जाते. मग घरात प्रश्न निघतोच, एकदम जोरात आवळून हे लवकर उरकता येणार नाही का?

नाही येत. कारण दात सरकवायचा तर आधी हाडाने जागा करून द्यावी लागते.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेच्या जोराने तो एका बाजूला चेपतो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो. चेपलेल्या बाजूचं हाड पेशी पोखरून काढतात, ताणलेल्या बाजूला नवं हाड भरत जातं. वळणावर उल्हास नदी एक काठ कातरते आणि समोरच्या काठावर गाळ टाकते, तसंच हे. दात पुढे जातो तो महिन्याला साधारण एक मिलिमीटर. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी १९०४च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून ही दोन्ही कामं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. जोर जास्त झाला तर चेपलेल्या जागी रक्त पोचत नाही, तिथला भाग निर्जीव होतो आणि दात अडून बसतो. घाई केली की उशीर होतो, तो असा.

पण जिवंत माणसाचा जबडा कापून हे कसं पाहणार? एक्स-रेमध्ये हाडातला बदल दिसतो, तोवर तो होऊन गेलेला असतो. म्हणून संशोधक दात आणि हिरडी यांच्या फटीत झिरपणाऱ्या द्रवाकडे वळले. कापूस ठेवून लाळ अडवायची, दात हवेने कोरडा करायचा आणि कागदाची बारीक पट्टी फटीत अर्धा मिनिट धरायची. हाती येतो तो थेंबाचाही अगदी लहानसा अंश. पट्टीला रक्त लागलं तर ती बाद, कारण रक्तातल्या प्रथिनांनी मोजमाप बिघडतं.

त्या ओलाव्यात हाडाची खबर असते. तार आवळल्यावर पहिल्याच दिवसात प्रोस्टाग्लँडिन आणि इंटरल्युकिन-१ बीटा ही दाहाची द्रव्यं वाढतात. नेमका हाच दिवस दात ठणकण्याचा, मऊ वरणभातावर काढण्याचा. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी सुळा मागे ओढताना हा द्रव तपासला. चोवीस तासांनी हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवणारं ‘रँकल’ वाढलं होतं, त्याला आवर घालणारं ‘ओपीजी’ घटलं होतं. हाड बांधणाऱ्या पेशींची खूण म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज. मुळाचं टोकच झिजायला लागलं तर दाताच्या आतलं डेंटिन सायलोप्रोटीन द्रवात उतरतं. या सगळ्यांत सर्वांत मोलाची खूण हीच म्हणायला हवी, कारण झिजलेलं मूळ पुन्हा लांब होत नाही.

ठणका लागला म्हणून मनाने गोळी घेण्याआधीही हे ठाऊक असावं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आयबुप्रोफेनसारख्या, प्रोस्टाग्लँडिन रोखणाऱ्या औषधांनी दात सरकण्याचा वेग मंदावलेला दिसला. पॅरासिटामॉलने तसा फरक पडला नाही. गोळी कोणती, ते डॉक्टरांनाच विचारलेलं बरं.

फटीतल्या द्रवाची ही तपासणी अजून बहुतांशी संशोधनापुरतीच आहे. हिरडी सुजली तरी यातल्या कित्येक खुणा वाढतात, मग वाढ तारेमुळे की साचलेल्या किटणामुळे, हे उलगडणं अवघड होतं. तारेभोवती ब्रश नीट फिरवणं म्हणूनही महत्त्वाचं.

तार निघाल्यावरही आतलं काम चालूच राहतं. नवं हाड पक्कं व्हायला काही महिने लागतात, आणि हिरडीतले ताणलेले तंतू त्याहून जास्त काळ, कधी वर्षभर, दाताला जुन्या जागी ओढत राहतात. सोनिवलीच्या त्या मुलीला शेवटच्या दिवशी प्लास्टिकच्या डबीत दात जागी धरून ठेवणारा रिटेनर मिळतो आणि केसपेपरवर आणखी एक तारीख.