बसल्या जागेचें बळ

शरीर थकलें, पाय अधू झाला किंवा दुखण्यानें हात उचलेनासा झाला, कीं त्या मनुष्याचें खेळणें-फिरणें संपलें, असें आपल्या घरांतून निमूटपणें गृहीत धरलें जातें. दुखणाइतास पलंग, उशी आणि वेळच्या वेळीं औषध मिळालें, म्हणजे आपलें कर्तव्य पार पडलें, असें घरच्या मंडळींस वाटतें. या मायेविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु याच मायेनें किती हातपाय अकालीं निकामी होतात, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतूनसुद्धां फारसा होत नाहीं. तो व्हावा, या हेतूनें आज आम्ही एका वरवर परक्या वाटणाऱ्या विषयास हात घालीत आहों. अधू शरीरानें जोराचा फटका कसा मारावा, हा तो विषय होय.

या प्रश्नाचा खल गोल्फ या खेळांत विशेष झालेला आहे. नांदेड-लातूरकडील बहुतेक कुटुंबांच्या पाहण्यांतही हा खेळ नसेल. ज्या लातूर शहरास २०१६ सालीं आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या प्रांतांत विस्तीर्ण हिरवळ बारमाही राखून खेळ कोण मांडणार? पण गोल्फ हा आपल्या विटीदांडूचा एक श्रीमंत चुलतभाऊ समजावा. जमिनीवर ठेवलेला लहानसा चेंडू लांब काठीनें टोलवीत न्यावयाचा आणि शेवटीं एका भोकांत घालावयाचा, एवढेंच त्याचें सार.

बालपणीं ज्यानें विटीस टोला मारला आहे, त्यास हें अनुभवानें ठाऊक असतें कीं, टोला केवळ हातानें बसत नाहीं. तळपाय जमिनीस रेटतो, कंबर वळते, कंबरेपाठोपाठ धड, धडापाठोपाठ खांदा, मग कोपर, आणि सर्वांत शेवटीं मनगट फिरतें. आसुडाची मूठ हळू फिरते, पण टोंक कडाडतें. तोच हा प्रकार. जोर जमिनींतून निघतो आणि एका सांध्यांतून दुसऱ्यांत वाढत वाढत काठीच्या टोंकापर्यंत पोहोंचतो. आतां प्रश्न असा कीं, या सांखळीची पहिलीच कडी तुटली तर काय करावें?

या प्रश्नाचें एक उत्तर अर्नेस्ट जोन्स नांवाच्या इंग्रज खेळाडूनें दिलें. गोल्फ हा त्याचा व्यवसायच होता. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, फ्रान्सच्या रणभूमीवर तो जखमी झाला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला. त्याच वर्षीं तो कुबड्या घेऊन मैदानावर गेला, आणि एका पायावर उभा राहून त्यानें अठरा भोकांचा डाव ८३ फटक्यांत पुरा केला. धडधाकट हौशी खेळाडूस शंभराच्या आंत येतांना घाम फुटतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें मोल कळतें. पुढें अमेरिकेंत जाऊन तो नामांकित शिक्षक झाला. त्याची शिकवण सोपी होती. अमुक पाय असा ठेवा, तमुक खांदा तसा वळवा, असे एकेका अवयवास हुकूम सोडीत बसूं नये. हातांतील काठीच्या टोंकाचा झोका नीट साधावा, म्हणजे उरलेलें शरीर त्याच्या मागोमाग येतें. पाय गेल्यामुळेंच त्यास हें उमगलें. कारण अवयवांची जी यादी लोक पाठ करीत होते, तींतील एक अवयव गेला असतांही त्याचा झोका शाबूत राहिला होता.

दुसरा दाखला बेन होगन या अमेरिकन खेळाडूचा. १९४९ च्या फेब्रुवारींत त्याच्या मोटारीवर एक प्रवासी बस आदळली. त्याचें कटीचें हाड मोडलें, घोटा मोडला, आणि पुढें रक्ताच्या गांठी होऊन जिवावर बेतलें. तो पुन्हां चालूं शकेल कीं नाहीं, याचीच शंका होती. परंतु १९५० च्या जूनमध्यें, पायांस पट्ट्या गुंडाळून, त्यानें अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा जिंकली.

असे दाखले ऐकून वाचक म्हणतील, ही सारी धनवान देशांतील गोष्ट झाली. म्हणून आतां आपल्याच अंगणांत येऊं.

भाग्यश्री माधवराव जाधव या नांदेड जिल्ह्याच्या कन्या. तरुणपणीं ओढवलेल्या एका आपत्तीनंतर त्यांच्या पायांतील शक्ति गेली व चाकांची खुर्ची वांट्यास आली. त्यांनीं गोळाफेक हा खेळ पत्करला. टोकियो येथें २०२१ सालीं झालेल्या पॅरालिम्पिक सामन्यांत त्यांनीं ७.०० मीटर गोळा फेकून सातवा क्रमांक मिळविला. २०२३ सालीं हांगझौच्या आशियाई पॅरा सामन्यांत ७.५४ मीटरची फेक करून त्यांनीं रौप्यपदक आणलें. २०२४ सालीं जपानांतील कोबे येथें जागतिक स्पर्धेंत त्यांस कांस्यपदक मिळालें, आणि त्याच वर्षीं पॅरिसच्या पॅरालिम्पिक उद्घाटनसमारंभांत भालाफेकपटु सुमित अंतिल यांच्यासमवेत भारताचा ध्वज त्यांच्या हातीं होता. पस्तिशी उलटलेल्या या बाईनें दोन वर्षांत चोपन्न सेंटिमीटरांची भर घातली, ती कशाच्या जोरावर, हें पाहण्याजोगें आहे.

उभ्यानें गोळा फेकणारा खेळाडू मागच्या पायानें जमीन ढकलून जोर घेतो. बसून फेकणाऱ्यास ही सोय नाहीं. त्याच्यासाठीं लोखंडी चौकटीची बैठक जमिनीशीं घट्ट बांधून टाकतात. गादीसह तिची उंची पाऊण मीटरपेक्षां अधिक असूं नये, असा नियम आहे. न ताणणाऱ्या पट्ट्यांनीं खेळाडूस बैठकीशीं बांधतां येतें, आणि मोकळ्या हातानें धरण्यास एक उभा दांडा लावतां येतो. फेक पुरी होईपर्यंत बूड बैठकीवरून उचलतां कामा नये. म्हणजे जें काम पायाच्या तळव्यानें करावयाचें, तें आतां मांड्या आणि बैठक यांनीं करावयाचें. जो रेटा जमिनीस द्यावयाचा, तो दांड्यास द्यावयाचा. भाग्यश्रीताईंच्या गटांतील स्त्रियांचा गोळा तीन किलोंचा असतो. तो धडाच्या पिळांतून आणि खांद्याच्या झेपेंतून सुटतो. सांखळी तुटलेली नसते. ती फक्त वरच्या कडीपासून सुरू होते.

ही गोष्ट आमच्या वाचकभगिनींस समजावून सांगण्याची गरजच नाहीं. ज्यांनीं आजीस जात्यावर बसलेली पाहिली आहे, त्यांस ती पाठ आहे. एक पाय लांब, एक मुडपलेला, बैठक पक्की, आणि कंबरेपासून धड पुढें-मागें झुलत आहे. जातें मनगटानें ओढणारी नवी सून चार मुठींत थकते; पाठीनें ओढणारी आजी पहांटेपासून पायलीभर जोंधळा दळून उठते. बसल्या जागेंत किती बळ असतें, हें आपल्या घरांतील बायकांनीं कोणत्याही क्रीडाशास्त्राआधीं जाणलें होतें.

सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांची कथा थोडी निराळी आहे. सैन्यांत ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कंबरेखालचें शरीर लुळें पडलें. उपचार म्हणून त्यांस पोहण्यास लावण्यांत आलें. पाण्यानें शरीराचा भार उचलला, आणि मुष्टियोद्ध्याच्या खांद्यांस नवें काम मिळालें. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक सामन्यांत ५० मीटरच्या मुक्त पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक जिंकलें. पॅरालिम्पिक सामन्यांत भारतास मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक सुवर्णपदक होय. २०१८ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

या सर्व उदाहरणांतून तीन गोष्टी निघतात, आणि त्या मैदानाइतक्याच माजघरांतही लागू पडतात. आधार बदलावा, आवांका आंखडावा, आणि अवजार जुळवून घ्यावें.

पहिली गोष्ट आधाराची. गुडघे झिजलेला गोल्फ-खेळाडू आपलें पुढचें पाऊल थोडें बाहेरच्या बाजूस वळवून उभा राहतो, म्हणजे फटक्याचा पीळ गुडघ्यावर पडत नाहीं. आपल्या घरांतील गुडघेदुखीच्या बायका पाऊल जागचें न हलवितां, हातांत भरलेली कळशी घेऊन अंग वळवितात, आणि नंतर रात्रभर कण्हतात. पावलें टाकून वळावें, एवढी एक संवय पुष्कळ वेदना वांचविते. ज्यांस उभ्यानें नमस्कार घालवत नाहींत, त्यांनीं न सरकणाऱ्या भक्कम खुर्चीवर बसून त्यांतील हात वर नेण्याचा, छाती उघडण्याचा व जपून पुढें वांकण्याचा भाग अवश्य करावा.

दुसरी गोष्ट आवांक्याची. खांदा आंखडलेला खेळाडू काठी पाठीमागें पूर्ण नेत नाहीं. अर्ध्यावरूनच फटका मारतो. चेंडू थोडा जवळ पडतो, पण सरळ जातो. घरींही तसेंच करावें. हात डोक्यावर जात नाहीं म्हणून तो हलवावयाचाच नाहीं, हें चुकीचें होय. निरोग्या हातानें मेजाचा आधार घेऊन पुढें वांकावें, दुखरा हात सैल सोडावा आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणें हलकेंच झुलवावा. वैद्यकांत हा व्यायाम फार दिवसांपासून चालत आलेला आहे. आज वीतभर झुलणारा हात कांहीं आठवड्यांनीं अधिक झुलतो.

तिसरी गोष्ट अवजाराची. बोटांस संधिवात झालेले खेळाडू काठीची मूठ जाड करून घेतात, कारण बारीक मूठ आवळण्यास बोटांस अधिक मुडपावें लागतें. मग आपल्या आजीच्या झाऱ्यास, चमच्यास किंवा लेखणीस कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड कां करूं नये? अवजारानें माणसाकडे यावें, माणसानें अवजारापुढें हार खाऊं नये. जयपूर येथील डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं १९६० नंतरच्या दशकांत जो कृत्रिम पाय घडविला, त्याचें मर्म हेंच होतें. विलायती पाय बुटांत घालून चालण्यासाठीं केलेला असे. आपल्याकडचा मनुष्य अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलांत उतरतो. त्याच्या या जीवनक्रमास जुळेल असा पाय त्यांनीं दिला.

लातूर जिल्ह्यास तर या विषयाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपति पोहोंचवून लोक निजले असतां, किल्लारीच्या भूकंपानें दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांच्या अंगावर कोसळविल्या. सुमारें दहा हजार माणसें गेलीं, आणि हजारों जखमी झालीं. शरीर मोडणें ही केवळ वृद्धांच्या वांट्याची गोष्ट नसून ती एका रात्रींत कोणाच्याही दारीं येऊं शकते, हें त्या पिढीनें पाहिलें. मोडलेल्या घराची पुनर्रचना करावयाची तर शिल्लक दगड मोजावे लागतात. शरीराचेंही तसेंच आहे. काय गेलें याची मोजदाद नातेवाईक करीतच असतात. काय उरलें याची मोजदाद कोणी तरी केली पाहिजे.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. नुकताच पक्षाघात झाला असेल, हृदयविकार असेल, हाड ताजें मोडलेलें असेल किंवा एखाद्या हालचालीनें तीव्र कळ येत असेल, तर डॉक्टरांस व व्यायामोपचार जाणणाऱ्या तज्ज्ञास विचारल्यावांचून कांहीं करूं नये. परंतु त्यांनीं परवानगी दिल्यावर मात्र घरच्यांनीं आडवें येऊं नये. पक्षाघातानें दुबळा झालेला हात वापरला नाहीं, तर तो अधिकच दुबळा होतो; कारण मेंदूच त्याचा नाद सोडतो. म्हणून वडिलांस घांस भरविणाऱ्या सुनेनें किंवा नातीनें, ताट पुढें करून दहा मिनिटें थांबण्याचें धैर्य शिकावें. आमटी सांडेल, सदऱ्यावर डाग पडेल, पंगत लांबेल. तें सोसावें. एकत्र कुटुंबांत सेवेस हात पुष्कळ असतात, हें त्याचें भाग्य. पण त्या हातांच्या गर्दींत रोग्याचा स्वतःचा हात बेकार होतो, हें त्याचें दुर्दैव.

लंडनचे ऑलिंपिक सामने ज्या दिवशीं सुरू झाले, त्याच दिवशीं, म्हणजे २९ जुलै १९४८ रोजीं, स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयाच्या आवारांत डॉक्टर लुडविग गुटमन यांनीं मणका दुखावलेल्या सोळा स्त्रीपुरुष सैनिकांस चाकांच्या खुर्चीवरून तिरंदाजी करावयास लावलें. पुढें १९६० सालीं रोम येथें जे पॅरालिम्पिक सामने प्रथम भरले, त्यांचें बीज त्या आवारांतलें. गोल्फच्या नियमग्रंथांतही २०२३ पासून अपंग खेळाडूंसाठीं पंचविसावा नियम मूळ संहितेंतच घालण्यांत आला आहे. तेव्हां, खेळानेंच माणसासाठीं आपले नियम बदलले आहेत. आपल्या घरानेंही आपले कांहीं नियम बदलावे, इतकेंच आमचें मागणें आहे. नांदेडची एक स्त्री बसल्या जागेवरून जगापुढें गोळा फेकते. आपल्या घरांतील आजोबांस बसल्या जागीं शेंगा सोलावयास, नातवाकडे चेंडू टाकावयास आणि स्वतःच्या हातानें चार घांस खावयास आपण निदान हरकत घेऊं नये.