एका बागेची, एकाच वाणाची वाइन



माल बाजारात नेताना पेटीच्या तळाला हलके घड घालायचा मोह होतो. वजन भरतं, पण नाव जातं. इटली देशात मात्र एके काळी चांगल्या काळ्या द्राक्षात पांढरी द्राक्षं मिसळण्याचा नियमच होता. तो न मानणाऱ्या एका बागायतदाराची माहिती आज घेऊ. हा वाइन पिण्याचा प्रचार नव्हे. यात मालाच्या प्रतीबद्दल शिकण्यासारखं आहे, म्हणून सांगतो.

बाग कुठली?
इटलीच्या तोस्काना प्रांतात राद्दा गावाजवळ मोंतेवेर्तिने ही वाडी आहे. उंची सुमारे ४२५ मीटर, जमीन दगडगोट्यांची. सर्जिओ मानेत्ती हे लोखंडाच्या धंद्यातले कारखानदार. १९६७ साली त्यांनी ही जागा सुट्टीत राहण्यासाठी घेतली. १९६८ साली तिथं सुमारे दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर, बाग लावली. वाण एकच, तिथलं जुनं काळं सांजोवेसे. बागेचं नाव ‘ले पेर्गोले तोर्ते’, म्हणजे ‘वाकडे मांडव’.

मिसळ कशाची?
हा भाग ‘कियान्ती क्लासिको’ या लाल वाइनसाठी प्रसिद्ध आहे. १९६७ च्या नियमांप्रमाणे तिच्यात १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घालावीच लागत. आता बघा, लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून येतो. म्हणून रस सालीसकट आंबवतात. तुरटपणा असला की वाइन वर्षानुवर्षं टिकते. पांढऱ्या द्राक्षात हा कस नसतो. त्यातलं त्रेब्बियानो वाण भरघोस पिकतं, पण त्यानं वाइन पातळ पडते.

मानेत्तींनी काय केलं?
जुलियो गांबेल्ली या नामांकित पारख्याच्या सल्ल्यानं त्यांनी या बागेचा माल वेगळा ठेवला. रस सिमेंटच्या टाकीत आंबवला आणि वाइन ओक लाकडाच्या पिंपांत मुरवली. १९७७ च्या हंगामात निव्वळ सांजोवेसेची पहिली वाइन तयार झाली. नियमात न बसल्यामुळे तिला कियान्ती हे नाव लावता येईना. १९८१ साली मानेत्तींनी उत्पादकांचा संघ सोडला आणि ‘साधी जेवणातली वाइन’ या सर्वांत खालच्या वर्गात माल विकला. बाटलीवर मोठं नाव नाही, फक्त चित्रकार अल्बेर्तो मान्फ्रेदी यांनी काढलेला स्त्रीचा चेहरा. तरीही गिऱ्हाइकानं चवीवरून माल ओळखला आणि भाव चढा दिला.

पुढे नियमच बदलले. १९९६ पासून कियान्ती क्लासिको निव्वळ सांजोवेसेची करायला मोकळीक मिळाली. २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना बंदी आली. मानेत्ती २००० साली वारले. बाग मुलाकडे आली, पण जुनं नाव पुन्हा लावलेलं नाही.

आपण काय घ्यावं?
एक, प्रत्येक तुकड्याची जमीन, छाटणी आणि उतारा यांची वेगळी नोंद ठेवा. कुठला तुकडा सरस, हे वहीच सांगेल.
दोन, सरस तुकड्याचा माल वेगळा तोडा, वेगळा भरा.
तीन, मानेत्तींच्या पाठीशी कारखान्याचा पैसा होता. आपलं पोट बागेवर आहे. तेव्हा एकदम संघ किंवा सोसायटी सोडू नका. आधी चार ओळींवर प्रयोग करा, दोन-तीन हंगाम हिशेब पाहा.
चार, सांजोवेसेची लागवड आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडेही झाली आहे. पण वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षासारखं कुठल्याही बाजारात खपत नाही. आधी खरेदीचा लेखी करार, मग लागवड. वाइन करायला सरकारी परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्या.

पेटीवरचं नाव गिऱ्हाइकाला एकदा आणतं. दुसऱ्यांदा त्याला आणतो तो पेटीतला माल.