जुनं नाणं, मोबाइलवरचा फोटो आणि खरी किंमत

आजचा विषय कन्हेरीच काय, बारामती-इंदापूरच्या कुठल्याही गावात घरोघरी निघणारा आहे. आजीच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यातल्या डबीत, नाहीतर जुन्या वाड्याच्या कोनाड्यात एखादं नाणं सापडतं. नातू फोटो काढतो, मोबाइलवर शोधतो, आणि समोर येतं, ‘हे नाणं असेल तर लाखो मिळतील.’ इथून पुढे दोन वाटा फुटतात. काही घरं खरोखर चांगलं नाणं सराफाला मोडीच्या भावात देऊन बसतात. काही घरं साध्या नाण्याच्या आशेनं पदरचे पैसे घालवतात. दोन्ही टाळायचं असेल तर नाणं बघायचं कसं, हे आज आपण समजून घेऊ.

सगळ्यात आधी फसवणुकीचं बोलू. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये लोकांना जाहीरपणे सावध केलं होतं. बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून काही जण जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क, कमिशन, कर मागत होते. बँकेनं स्पष्ट सांगितलं की ती असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी पैसेही मागत नाही. म्हणून नियम सोपा आहे. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक हा गिऱ्हाईक नव्हेच. घरातल्या आजोबांना, मावशीला ही गोष्ट आजच सांगून ठेवा.

आता नाण्याकडे वळू. पहिला प्रश्न: हे नाणं आहे का? राम-सीता किंवा हनुमान असलेलं, वर ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ किंवा १८३९ असं साल घातलेलं ‘एक आण्या’चं नाणं अनेकांकडे असतं. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. तो मागाहून बनवलेला टोकन आहे. देव्हाऱ्यात खुशाल ठेवा, पण त्याला बाजारात लाखाची किंमत नाही.

दुसरा प्रश्न: साल जुनं म्हणजे नाणं दुर्मिळ का? तसं नसतं. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८४० लिहिलेलं असतं, पण तेच साल ठेवून टाकसाळींनी पुढे जवळजवळ दोन दशकं नाणी पाडली. १८६२च्या रुपयाचंही तसंच झालं, ते साल १८७४पर्यंत चालत राहिलं. तांब्याचा १८३५चा पाव आणा तर ढिगानं सापडतो. उलट पंचम जॉर्जचा १९११चा रुपया आणि सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया संग्राहक शोधत फिरतात. १९११च्या रुपयात राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि बरीचशी नाणी परत घेतली गेली. १९३९ला मागणी आहे म्हणून त्याची बनावट नाणीही आहेत. तिथे सालाचा शेवटचा आकडा भिंगाखाली बघायचाच.

तिसरा प्रश्न धातूचा. १८३५पासून १९३९पर्यंतचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. समजा चांदीचा दर किलोला १ लाख रुपये असेल, तर त्या नाण्यातली चांदीच सुमारे १,०७० रुपयांची झाली. हा तळ. याच्या खाली विकायचं कारण नाही. १९४०नंतर चांदी ५० टक्क्यांवर आली. १९४७चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी नाहीच. तो चुंबकाला चिकटतो म्हणून खोटा ठरत नाही. पण १८६२चा रुपया चिकटला, तर मात्र तो ठेवून द्या.

घरी एक साधी परीक्षा करता येते. पाण्याचा ग्लास बारीक वजनकाट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. खऱ्या चांदीच्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. पितळेवर चांदीचा मुलामा असलेलं तेवढ्याच वजनाचं नाणं १.३५च्या पुढे जातं. विकत घेताना ही परीक्षा व्हिडिओवर करून दाखवायला सांगा.

आता ‘कंडिशन’. परदेशात एनजीसी, पीसीजीएससारख्या कंपन्या नाणं तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करतात आणि ७० पैकी गुण देतात. आपल्या ट्रंकेतलं नाणं तसं नसतं, त्याला ‘रॉ’ म्हणतात. त्याचा दर्जा आपणच ठरवायचा. झीज आधी उंच भागावर होते. १८६२नंतरच्या राणीच्या रुपयावर मुकुटावरचे मणी, कानाजवळचे केस आणि अंगरख्यावरची नक्षी बघा. नक्षी स्पष्ट असेल तर नाणं वरच्या दर्जाचं. केस एकसंध सपाट झाले असतील तर ते बरंच वापरलेलं. चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा उरली असेल तर किंमत चांदीच्या आसपासच.

शिवराईला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण तांब्याचा तुकडा आणि ठसा एका मापाचे नसायचे, त्यामुळे काही अक्षरं नाण्याबाहेरच राहायची. अक्षर अर्धं दिसतं ते झिजल्यामुळेच असं नाही, ते तसं पाडलंच गेलं असेल. म्हणून जी अक्षरं आहेत ती किती खोल आणि ठळक आहेत ते बघा. आणि शिवराई महाराजांच्या काळानंतरही पेशवाईत, अनेक ठिकाणी पाडली गेली. ‘महाराजांच्या काळातलं’ असं कुणी म्हटलं तर अक्षरांच्या वळणावरून ते ठरवू शकणारा जाणकार गाठावा लागतो. साधी शिवराई शेकड्यांतच मिळते.

किंमत पाडणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे फार होतात. एक, माळेसाठी नाण्याला लावलेली कडी. ती काढली तरी कडेला झाळ राहते. दुसरी, घासणं. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर, काहीही लावू नका. नव्या नाण्याची मूळ झळाळी तिरपं धरलं की फिरते. घासलेलं नाणं सगळीकडे सारखंच चमकतं आणि त्यावर बारीक ओरखडे दिसतात. काळसर थर हा बहुतेक वेळा मळ नसतो.

म्हणून ऑनलाइन घेताना एक फोटो पुरत नाही. दोन्ही बाजू सरळ, कडा, काट्यावरचं वजन, आणि उजेडात नाणं तिरपं फिरवलेला व्हिडिओ मागा. शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवायला सांगा, म्हणजे फोटो दुसरीकडून उचललेला नाही हे कळतं. कडेला सांधा किंवा पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले तर नाणं साच्यात ओतलेलं असण्याची शक्यता आहे. आणि किंमत बघताना मागितलेला आकडा बघू नका. कुणीही कितीही मागू शकतो. लिलावात तशाच दर्जाचं नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं, तो आकडा धरा.

शेवटी कायद्याचं. नांगरताना जमिनीतून दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही निघालं, तर १८७८च्या निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं, ते खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाईकानं कितीही भाव दिला तरी थांबा.

खरी नाणी डोळ्याखालून घालायची असतील तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. खरं नाणं दहा वेळा बघितलं की खोटं आपोआप ओळखू येतं. तोवर नाणं कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा, घासू नका, आणि कुणी घाई केली तर विकू नका.