रिपोर्ट फुटला, दोष कोणाचा?

परवा बिरसीच्या माझ्या दवाखान्यात एक तरुण आला. झोप लागत नाही, छाती धडधडते, अशी तक्रार. रक्तदाब १६०/१०० निघाला. खोदून विचारल्यावर कळले, की त्याच्या रक्ताचा रिपोर्ट कुणीतरी मोबाइलवर गावभर फिरवला होता. "डॉक्टरसाहेब, लॅबवर दावा ठोकू का?"

जरूर ठोका, पण आजाराप्रमाणे इथेही आधी निदान करावे लागते. माहिती फुटली, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. कुलूप फोडून झालेली चोरी वेगळी आणि दार उघडे टाकल्याने झालेली वेगळी. चार गोष्टी दाखवाव्या लागतात: माहिती जपण्याची जबाबदारी कोणाची होती, त्याने कोणती काळजी घेतली नाही, त्यामुळेच ती फुटली का, आणि तुमचे नुकसान काय झाले.

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका लॅबचे सुमारे ४३ हजार रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. त्यांत एचआयव्हीचेही होते. अशा वेळी दार उघडे होते हे दाखवणे सोपे. पण ठरलेले लग्न त्यामुळेच मोडले, हे दाखवणे कठीण.

तरीही दाद मिळते. पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज कंपनीच्या खात्यातून फसव्या ई-मेलमुळे ८० लाखांवर रक्कम गेली होती. ई-मेलला उत्तर देण्यात कंपनीचीही चूक होती. पण बँकेने पुरेशी दक्षता घेतली नाही, असे ठरवून २०१३ मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख देण्याचा आदेश दिला. म्हणजे आपली थोडी चूक असली तरी दावा बुडतोच असे नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ अशा निष्काळजीपणाबद्दल भरपाईचे आहे. २०११ च्या नियमांनी वैद्यकीय माहिती संवेदनशील मानली. २०२३ च्या नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो रोग्याला मिळत नाही. शिवाय ४३-अ वगळण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणून आज कोणते कलम लागू, हे वकिलाला विचारा. सेवेतील त्रुटीसाठी गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

त्या तरुणाला मी सांगितले: रागाच्या भरात मेसेज पुसू नका. कोणाकडून, कधी आला ते लिहून ठेवा. लॅबची पावती जपा. रिपोर्ट कोणाकोणाच्या हाती होता, हे लॅबला लेखी विचारा आणि त्या पत्राची पोच घ्या. पोलिसांत तक्रार द्या. एका मोजणीवर रक्तदाबाचे निदान होत नाही, म्हणून आठवड्याने त्याला पुन्हा बोलावले. झोपेची तक्रार आणि रक्तदाब केसपेपरवर तारखेसह लिहिला. नुकसान दाखवताना तो कागदही उपयोगी पडेल.

गुपित फुटेल या भीतीने रोगी तपासणीच टाळतो, आणि क्षयरोगासारखा आजार घरात पसरत राहतो. खरे नुकसान तेच.

तो गेल्यावर माझे लक्ष टेबलावरच्या रजिस्टरकडे गेले. नाव, गाव, आजार, सगळे रांगेतल्या कोणालाही वाचता येईल असे उघडे! इतकी वर्षे ते तसेच होते. आता ते कुलपात असते. तुमच्या डॉक्टरांकडे कुठे असते, जरा विचारा. आम्हाला राग येणार नाही, येऊही नये.