बावीस दिरहम आणि एक टेबल

दुबईतल्या मुहैस्नाह ४ मधल्या आमच्या हॉलमध्ये २०१८ पासून दर आठवड्याला एक डाव मांडला जातो. आधी शुक्रवारी, आणि जानेवारी २०२२ मध्ये अमिरातीची सुट्टी शनिवार-रविवारवर गेल्यापासून शनिवारी. भिडू पाच, सहावी मी. दोघं याच वस्तीतले, एक अल कुसैसचा, एक शारजाहची हद्द ओलांडून येणारा, आणि पाचवा मुहैस्नाह २ मधल्या कामगार वसाहतीतला, ज्या भागाला इथे सगळे सोनापूर म्हणतात. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. मी सूत्रधार म्हणून गोष्ट पुढे नेते, बाकीचे आपापलं पात्र चालवतात, आणि काय होईल याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकून पडेल ते दान मान्य करायचं.

या खेळात हिशोब फार. पाचव्या पातळीच्या जादूगाराला दिवसात पहिल्या दर्जाचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन मंत्र टाकता येतात. शिवाय चिलखत, जखमा, फाशात मिळवायचे आकडे. नव्या माणसाची पहिली अख्खी संध्याकाळ कागद भरण्यात जायची. सोनापूरच्या आमच्या भिडूकडे जागा म्हणजे एक खाट आणि एक कपाट. तीनशे पानांचं जाड पुस्तक तो ठेवणार कुठे? त्याला पात्र फोनवर हवं होतं. म्हणून डिजिटल साधनांच्या किमती हा आमच्या टेबलावर पहिल्यापासून जिव्हाळ्याचा विषय.

या खेळाचं डिजिटल साधन, डी अँड डी बियाँड, १५ ऑगस्ट २०१७ ला सुरू झालं. खेळाचे हक्क विझार्ड्स ऑफ द कोस्टचे, साधन बनवणारी कर्स ही वेगळी कंपनी, आणि दोघांमध्ये परवान्याचा करार. मुख्य नियमपुस्तकाची डिजिटल प्रत २९.९९ डॉलर, म्हणजे आमचे ११० दिरहम. पण पुस्तक अख्खंच घ्यायची सक्ती नव्हती. पात्राचा एखादा उपवर्ग १.९९ डॉलरला सुटा मिळायचा.

ती पहिली सुटी खरेदी मला नीट आठवते. शारजाहच्या भिडूला झपाटलेल्या तलवारीशी करार केलेला योद्धा हवा होता. फोन टेबलावर मधोमध ठेवला, एकाने डॉलरला ३.६७ने गुणलं, सात दिरहम तीस फिल्स. ‘सात कप करक चहा,’ कोणीतरी म्हणालं, आणि व्यवहार ठरला. असे सुट्यावर दिलेले पैसे पुढे पूर्ण पुस्तक घेताना किमतीतून वजा व्हायचे. वाण्याकडे पावशेर तूरडाळ मागता येते तशीच ही सोय होती. महिन्याच्या शेवटी घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला तिची किंमत कळते.

दुसरी सोय मासिक सदस्यत्वाची. ५.९९ डॉलरच्या वरच्या सदस्यत्वात एकाने विकत घेतलेली पुस्तकं त्याच्या मोहिमेतल्या सगळ्यांना वापरता येत. दिरहमचा डॉलरशी दर १९९७ पासून बांधलेला, त्यामुळे हिशोब कधी हलला नाही: बावीस दिरहम. सहा जणांत वाटले तर डोक्यामागे पावणेचारसुद्धा नाहीत. लहानपणी आपण धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घ्यायचो, तसं कोणाला फुकटात घेता आलं असतं. पण सोनापूरचा आमचा भिडू पहिल्या महिन्यापासून आपला वाटा मोजून आणायचा. ‘ताई, मी पण खेळतो ना?’ एवढंच म्हणायचा.

तेव्हा जगभरच्या ग्राहकांची मोठी तक्रार वेगळी होती: छापील पुस्तकाला एकदा पैसे मोजले, मग तेच पुस्तक पडद्यावर वाचायला पुन्हा का मोजायचे? त्यातून फॅन्टसी ग्राउंड्स किंवा रोल२० या डिजिटल टेबलांवर खेळणाऱ्यांना तिथे तिसऱ्यांदा. कारण परवान्यात होतं. प्रत्येक दुकानाचा करार स्वतंत्र, त्यामुळे एका दुकानातली पावती दुसऱ्या दुकानात चालत नव्हती. तक्रार खरी होती, तरी लोक घेत राहिले. एवढ्या वर्षांचं पाहून माझं मत झालंय की किमतीवर ग्राहक कुरकुरतो आणि देतो. घेतलेली वस्तू हातातून जाते किंवा हातातच बदलते, तेव्हा तो उठून उभा राहतो.

हे बियाँडच्या आधीही दिसलं होतं. ६ एप्रिल २००९ ला विझार्ड्सने चोरीच्या प्रतींचं कारण देऊन आपल्या सगळ्या पीडीएफ पुस्तकांची विक्री बंद केली. ज्यांनी पैसे भरले होते त्यांनाही पुन्हा उतरवून घ्यायला काही तासच मिळाले. ती पुस्तकं अधिकृतपणे विक्रीला परत आली जानेवारी २०१३ मध्ये. मधल्या काळात, २०१० च्या अखेरीस, संगणकावर उतरवून वापरायचं पात्र बनवण्याचं साधन मागे पडलं आणि त्याच्या जागी सदस्यत्व असेपर्यंतच उघडणारं ऑनलाइन साधन आलं.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे टेबल सुटलं. इथे व्हॉट्सॲपवरून बोलणं बंदच असतं. तेव्हा झूम आणि टीम्सला मुभा मिळाली म्हणून आमची गोष्ट चालू राहिली. ४ एप्रिलपासून दुबईत चोवीस तासांचे निर्बंध लागले. खोलीत इतर झोपलेले असताना आमचा सोनापूरचा भिडू फक्त टाइप करून खेळायचा, आणि त्याच्या पात्राच्या जखमा बाकीच्यांच्या पडद्यावर दिसायच्या. बावीस दिरहमांत एवढं मिळत होतं.

एप्रिल २०२२ मध्ये हॅस्ब्रोने, म्हणजे विझार्ड्सच्याच मालक कंपनीने, बियाँड १४.६३ कोटी डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर केलं. तोवर ते फॅन्डम या दुसऱ्या कंपनीकडे गेलेलं होतं आणि नोंदलेले वापरकर्ते एक कोटीच्या जवळ पोचले होते. परवाना देणारा आणि दुकानदार एकच झाला.

मग जानेवारी २०२३. खेळाचे मूळ नियम इतरांना वापरू देणारा खुला परवाना २००० सालापासून चालत आला होता. तो रद्दबातल ठरवणाऱ्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला: साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर पंचवीस टक्क्यांपर्यंत हिस्सा. खेळाडूंनी निषेध लिहिला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बियाँडची सदस्यत्वं रद्द करायला सुरुवात केली. कंपनीने सुधारित मसुदा काढून लोकांची मतं मागवली. त्याच्यासोबत डिजिटल टेबलांसाठी एक धोरणही होतं, आणि त्यात उदाहरण दिलेलं होतं की मॅजिक मिसाइल हा मंत्र पडद्यावर झेपावताना ॲनिमेशनने दाखवाल तर ते परवान्यात बसणार नाही. आमच्यातल्या तिघांनी मतांचा तो अर्ज बसून भरला. एकूण पंधरा हजारांवर उत्तरं गेली: ८९ टक्के जुना परवाना मोडण्याविरुद्ध, ८६ टक्के त्या डिजिटल धोरणावर नाराज. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना जागेवर राहिला आणि मूळ नियमांचा सुमारे चारशे पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये दिला गेला, तोही परत घेता न येण्याच्या बोलीवर. ग्राहकाचा आवाज इतका पूर्ण ऐकला गेल्याचं दुसरं उदाहरण मला या धंद्यात माहीत नाही.

२०२४ मध्ये मात्र दोन निर्णय झाले आणि त्यांची गत वेगळी झाली. वसंतात सुटी विक्री बंद झाली. उपवर्ग हवा असेल तर अख्खं पुस्तक घ्या. विरोध झाला, निर्णय टिकला. ऑगस्टमध्ये जाहीर झालं की नव्या नियमपुस्तकासोबत लोकांच्या जुन्या पात्रपत्रकांतले मंत्र आणि जादूच्या वस्तू आपोआप नव्या नियमांप्रमाणे बदलतील. हा निर्णय काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. पैसे जास्त लागणार होते तिथे ग्राहक हरला, घेतलेली वस्तू बदलणार होती तिथे जिंकला. मला त्या सुट्या विक्रीची हळहळ अजून वाटते. सात दिरहमांत खेळात येणारा माणूस आता ११० दिरहमांच्या दारात उभा राहतो, आणि असे लोक मतं मागवणाऱ्या अर्जांत दिसत नाहीत, कारण ते आत आलेलेच नसतात.

हा खेळ सुरू करणाऱ्यांना एक सांगते. मूळ नियम फुकट आहेत, आधी त्यांवर महिनाभर खेळा. पुस्तक घ्यायचंच तर टेबलावरच्या एकानेच घ्या आणि वाटून वापरा. आणि दर पातळी चढली की पात्रपत्रकाची पीडीएफ काढून छापून ठेवा. आमची पाचही पत्रकं हॉलमधल्या कपाटात, फाशांच्या डब्याखाली आहेत.